गयाबाईची लेक म्हणे

"आजी, दोनच कडवी म्हणा. शेवटचं सोडून द्या. वेळ नाही."

लातूरच्या मोठ्या सभागृहात, पडद्यामागं, निवेदन करणारी पोरगी मला सांगत होती. माझ्याकडं न बघता. सांगता सांगता तिनं माझ्या खांद्यावर घोंगडं टाकलं.

मी म्हणाले, "हे कशाला बाई? मला थंडी न्हाई वाजत."

"लोककलावंत वाटायला हवं ना, आजी."

मी पांढरी साडी नेसून गेले होते. निळी किनार. आम्ही गायन पार्टीवाले. चौदा एप्रिलला, जयंतीला, याच साडीत उभं राहतो. घोंगडं आमच्या घरात कधी नव्हतं.

सत्कार एका संगीतकाराचा होता. लातूरचाच. वडील शिक्षक, घरात शास्त्रीय गाणं. तरणा असताना तो नांदेडला आमच्या पार्टीत आला. म्हणाला, "मावशी, हा ठेका आम्हाला कुणी शिकवत नाही." दोन जयंत्या आमच्यात बसला. माझ्या चुलीपुढं भाकरी खाल्ली. मग पुण्याला गुरूकडं गेला, बंदिशी बांधल्या, मुंबईत सिनेमाला संगीत देऊ लागला. नाव झालं. मला बरंच वाटलं होतं.

कार्यक्रमाआधी पडद्यावर त्याची सगळी वाटचाल दाखवली. गुरू, रियाज, बक्षिसं. त्याच्या गाजलेल्या सिनेमातलं गाणं लागलं. माझं गाणं. माझीच चाल. पडद्यावर तो सांगत होता, "हे लोकगीत मी आजोळी जात्यावर ऐकलं."

त्याच्या आजोळी जातं असेल. माझी आई तसल्या घरांपुढचा रस्ता झाडायची. ओट्यावर पाय ठेवायची तिला मुभा नव्हती. ते गाणं तिच्यावर आहे. मी चौथी शिकलेली, पण जुळवलं मी, चाल लावली मी.

आमच्यात रीत आहे. गाणं जुळवणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफायचं. मी आईचं गुंफलं.

गयाबाईची लेक म्हणे, झाडू ठेवला खाली,
आता तुमच्या गल्लीमधी आमची हाक आली.

सिनेमात पहिली दोन कडवी ठेवली. पहाट, झाडूचा आवाज, अंगणाची शोभा. झाडू खाली ठेवला ते कापलं. त्या सिनेमात माझी आई अजून झाडतेच आहे.

मला स्टेजवर बोलावलं. पेटीवर तो स्वतः बसला होता. टाळ्या वाजत होत्या. मी वाकून हळूच विचारलं, "बाबू, शेवटचं कडवं कुठं गेलं?"

तो हसला. "मावशी, सिनेमात जागा कमी असते. आणि लोकगीताला कुठं नाव असतं?"

मी घोंगडं काढलं. खुर्चीवर ठेवलं. आणि शेवटच्या कडव्यापासूनच सुरू केलं.

त्यानं पेटीवरचा हात उचलला. निवेदनवाली मधेच टाळ्या वाजवायला लागली, म्हणजे मी थांबावं. नंतर माईक बंद झाला. मी थांबले नाही. मागच्या रांगांपर्यंत आवाज पोचला का, मला ठाऊक नाही. पुढच्या रांगेतले लोक मोबाईल बघत होते.

परतताना माझी जाऊ, पार्टीत माझ्यामागं कोरस धरणारी, बसमध्ये म्हणाली, "जाऊ द्या की बाई. नाव न्हाई तर न्हाई, गाणं तर जगभर गेलं."

मी म्हणाले, "तुझं लेकरू दुसऱ्याच्या नावानं जगभर गेलं तर जाऊ देशील?"



नंतर त्याचा फोन आला. नव्या सिनेमाला आणखी दोन चाली पाहिजेत. म्हणाला, "या वेळी तुमचे आभार मानू मावशी, खाली छापू."

"आभार नकोत. गाणं माझं हाय, तसं लिही. न्हाई तर चाल मिळणार न्हाई."

"मावशी, तुम्ही चिडलात."

"व्हय," म्हणाले आणि फोन ठेवला.

आता वस्तीतल्या पोरींना मी गाणी शिकवते. जुनी रीत मोडली. नाव पहिल्या ओळीत घालायचं. चाल त्या नावावरच बसवायची, ठेका तिथूनच उचलायचा. ती ओळ कापली, तर गाणं उभंच राहू नये.