सर थांबायचे ती जागा

सरांच्या बायकोचा, चाचींचा फोन आला तेव्हा मी घोडेगावच्या शाळेत तास घ्यायला निघाले होते. "गेले गं तुझे सर," एवढंच त्या बोलल्या. फोन ठेवते न ठेवते तोच पडद्यावर मेसेज आला. मणियार सरांचा हसरा फोटो आणि खाली ओळ... 'आज अभ्यास केलात का? सर तुमची वाट पाहत आहेत.' पुण्याच्या ज्या ऑनलाइन क्लासनं सरांना काढून टाकलं होतं, त्याच्या ॲपवरून हा मेसेज रोज सकाळ-संध्याकाळ यायचा. त्या संध्याकाळी मयताच्या घरून जुन्नर स्टँडवर आले, तर पुन्हा तोच. वाट पाहत आहेत.

मी घाटघरची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बारावीला असताना लॉकडाऊन लागलं, कॉलेज फोनमध्ये गेलं आणि आमच्या गावात रेंज नव्हती. "बास झालं आता, लई शिकली," असं आप्पा म्हणाले, तेही रागानं नाही. शिक्षण सुटतंय हे मलाही दिसत होतं. जुन्नरला गणित शिकवणाऱ्या मणियार सरांनी ते सुटू दिलं नाही. बाकीचे शिक्षक व्हिडिओ पाठवायचे, सर आवाजाचे छोटे मेसेज पाठवायचे, कारण गावामागच्या खडकावर चढलं की तेवढेच उतरत. फळ्यावर काय लिहिलंय ते तोंडानं सांगायचे, आम्ही ते वहीत उतरवायचो. 'समजलं का' हे त्यांनी कधी विचारलं नाही. म्हणायचे, त्याला सगळे हो म्हणतात. त्यांची रीत ठरलेली होती. आधी प्रश्न, मग गप्प, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटतात. आणि नाव म्हणजे गाव. "बोल, घाटघर." "बोल, मढ."

गंमत म्हणजे मेसेज रेकॉर्ड करतानाही ते तसेच थांबायचे. सरांचं घर बांगड्यांच्या दुकानाच्या मागंच, दुकान चाची बघायच्या. सर गप्प झाले की मागून चाची बांगड्या लावत असल्याची किणकिण यायची. एकदा तर चाचींचं बोलणंही आलं, "अहो, फोनमधे कोण उत्तर देणार तुम्हाला?" त्यावर सर, "पोरगी खडकावर बसून ऐकेल ना, तेव्हा तिला वाटलं पाहिजे की मी थांबलोय. तोवर तुझ्या बांगड्या देतायत की उत्तर." मी खडकावर एकटीच हसले होते... चढ संपतो आणि उतार लागायचा असतो, त्या माथ्यावर ढाळ किती, असा तो प्रश्न होता. शून्य, हे मला तिथंच सुचलं. कुणी न सांगता मला सुचलेलं ते पहिलं उत्तर.

सर निवृत्त झाल्यावर पुण्याच्या क्लासनं त्यांना बोलावलं. सर खूश होते. आपली रीत आता राज्यभर जाईल, असं त्यांना वाटलं. पहिल्याच महिन्यात तिथल्या मॅनेजरनं समोर बसवून सांगितलं, "सर, तुम्ही गप्प बसता तेव्हा मुलं निघून जातात."

"निघून जात नाहीत हो, विचार करतात."

"आम्हाला दोन्ही सारखंच दिसतं, सर."

मग सर घरून रेकॉर्ड करून पाठवायचे त्या तासांतल्या सगळ्या थांबण्याच्या जागा त्यांनी कापल्या. प्रश्न संपायच्या आत उत्तर यायला लागलं. चाचींच्या बांगड्यांची किणकिण गेली, गावांची नावंही गेली. व्हिडिओखाली मुलं लिहायची, 'मशीनगन सर', 'कुत्रं मागं लागलंय का?' जेवताना सर ते चाचींना वाचून दाखवायचे आणि हसायचे. नंतर हसणं थांबलं, वाचणं थांबलं नाही. वर्षभरात क्लासनं त्यांना काढलं. रेकॉर्डिंगं मात्र करारानं क्लासचीच राहिली.

शेवटी फुप्फुसाच्या दुखण्यानं सरांना धरलं. नारायणगावच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा सलाईन बदलणाऱ्या बाईंनी त्यांना ओळखलं. "अगंबाई, ॲपवरचे सर ना तुमी? माझी पोरगी बघती तुमाला. पर लई फास्ट बोलता राव तुमी, तिला काय झेपत न्हाई." सरांना तेव्हा एक वाक्य पुरं करायला मधे थांबून श्वास घ्यावा लागत होता. ते म्हणाले, "तिला सांगा..." आणि दम भरून आला. बाई सलाईन लावून पुढच्या खाटेकडं गेल्या. तिला काय सांगायचं होतं ते राहिलंच.

सर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी चाचींकडं गेले. चाचींचे हात मोकळे होते, दुकान बंद होतं. म्हणाल्या, "त्या ॲपवर ऐकते गं रोज. पण ते हे नाहीत. हे कुठं बोलत होते इतकं?" माझ्याकडं खडकावरचे जुने मेसेज होते. त्यातला माथ्याच्या ढाळाचा लावला आणि फोन दोघींच्या मधे ठेवला.

सरांनी प्रश्न विचारला. थांबले. मागं बांगड्या किणकिणल्या. चाचींनी आपल्या मनगटाकडं पाहिलं. मग सर म्हणाले, "बोल, घाटघर." पुन्हा शांतता. आता बांगड्याही नव्हत्या.

चाचींनी मला कोपर मारलं. "सांग की गं. थांबलेत ना ते."

मी रोज वर्गात गणित शिकवते. उत्तर एका शब्दाचं होतं. मी फोनकडं वाकले.

फोनमधून सरांचा आवाज आला, "घाई नाही. मी आहे."