साहेबाच्या खिशावरचा बिल्ला

किरणं मोजणाऱ्या अमेरिकन ऑफिसातला हॅलोरनसाहेब सभेत केळं सोलायला लागला की मला नकोसं व्हायचं. दरवर्षी तेच. आम्हाला चर्चच्या सभागृहात चटयांवर बसवायचं, केळं उंच धरायचं आणि म्हणायचं, "यातही किरणं आहेत! मातीत आहेत, उन्हात आहेत, मी आलो त्या विमानात आहेत, दवाखान्यातल्या फोटोत आहेत. रात्री शेजारी झोपते त्या बायकोच्या अंगातसुद्धा आहेत!" मग स्वतःच खो खो हसायचं आणि ते केळं दोन घासांत संपवायचं. आमची माणसंही हसायची. मला त्याच्यापेक्षा त्या हसण्याचीच जास्त किळस यायची.

नेइमातमावशी तेवढी हसायची नाही. ती माझ्या आईची धाकटी बहीण. अमेरिकेने चाचणीसाठी फोडलेल्या अणुबॉम्बची राख आमच्या बेटावर पडली तेव्हा तिचे दुधाचे दात पडायचे होते. मग सगळ्यांना बोटीत कोंबून इथे, मजुरो बेटाच्या कडेच्या या बोडक्या तुकड्यावर आणून टाकलं. इथे धड झाड नाही. खायला सरकारी तांदूळ आणि डब्यातलं खारट मांस. डबा उघडला की वर पांढरी चरबी साचलेली असते, ती बोटाने बाजूला सारायची आणि गिळायचं. मावशीने जन्मभर तेच गिळलं. गळ्यावर शस्त्रक्रियेचा व्रण आला, पुढे साखरेने पायाची दोन बोटं नेली. पण तिचं तोंड काही बंद झालं नाही. "मला घरी न्या रे," असं दिसेल त्याला सांगायची. "आईला तिथल्या मातीत एकटीला ठेवून आलेय. तिच्या शेजारी झोपायचंय मला."

केवड्याच्या पातीचं काम तिच्यासारखं कुणालाच जमायचं नाही. पंखे, टोप्या, चटया. आणि आमच्यात रीत अशी की समोरच्याने आपल्या वस्तूचं कौतुक केलं की ती काढून त्याच्या हातावर ठेवायची. नाही म्हणणाऱ्याचं तोंड कुणी बघत नाही. हॅलोरन आमच्या एवढ्या रीतींतून नेमकी हीच शिकला. "वा, किती सुंदर!" म्हणायचा आणि मावशीच्या डोक्यावरची टोपी घेऊन जायचा. पुढच्या वर्षी पंखा, त्याच्या पुढच्या वर्षी चटई. त्याच्या घरात आमच्या वस्तूंनी एक भिंत तरी भरली असेल, मेल्याच्या.

त्या वर्षीची सभा मोठी होती. आमचं जुनं बेट आता राहण्याजोगं झालंय, असं त्याच्या ऑफिसाचं म्हणणं होतं. आम्ही हात वर केले की तिथे घरं बांधणार आणि इथलं धान्य बंद. हॅलोरनने भिंतीवर एक गोल चित्र लावलं, नीरफणसाच्या फोडींसारखं कापलेलं. मातीची आणि आकाशाची फोड सगळ्यांत मोठी, दवाखान्याची त्याहून लहान, बॉम्बची नखाएवढी.

"हे कुणाच्या अंगातलं?" मावशीने विचारलं.

"सगळ्या जगाची सरासरी आहे, आजी."

"म्हणजे माझ्या ताटातलं जगभर वाटलंत की! बरं झालं, मला कळलंच नाही."

"गप बस गं," लाइजोमामा म्हणाला. तो तिचा थोरला भाऊ, आमच्या जमिनीचा कारभारी.

मग जेवणं झाली. बोटवाल्यांनी मुद्दाम आमच्या त्या बेटावरून नारळखेकडे आणले होते. त्यांच्या अंगात किरणं साठतात म्हणून पोरांनी त्यांना हात लावायचा नाही, ही दवाखान्यातल्या नर्सबाईंची जुनी ताकीद. पोरं भिंतीला टेकून आवंढे गिळत होती, आणि हॅलोरन त्यांच्यासमोर नांग्या फोडून चोखत होता. कोपरापर्यंत तेल ओघळलेलं. "बघा, मी खातोय की नाही?" त्याने दुसरा खेकडा ओढला. लोकांचे चेहरे खुलले. शिसारी आली मला. हा एक दिवस खाऊन विमानात बसणार होता.

"नेइमात, पहिला हात तुझा," मामा म्हणाला. "जन्मभर रडत आलीस ना यासाठी?"

मावशी साहेबाला हात पुसायला फडकं द्यायला वाकली होती. ती तशीच थांबली. त्याच्या खिशावर एक काळा चौकोनी बिल्ला होता.

"हे काय हो?"

"हे होय? माझ्या अंगावर किती किरणं पडली, ते हा टिपून ठेवतो. ऑफिसात नेऊन तपासतात. जास्त भरली तर मला परत इकडे पाठवत नाहीत."

"आणि आमचे बिल्ले?"

"तुम्हाला कशाला? इथे प्रमाण अगदीच कमी आहे."

मावशीने त्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "वा, किती सुंदर!"

हॅलोरन हसला. कुणीच हसत नाही म्हटल्यावर त्याचा हात आपोआप खिशावर गेला.

"हा नाही देता येणार, आजी. माझ्या नावावर आहे. हे घड्याळ घ्या ना!"

"घड्याळ काय करू? वेळच वेळ आहे माझ्याकडे." ती खाली बसली. "दादा, माझा हात खाली."

"अगं, वेड लागलं का तुला? तूच तर—"

"मला जायचंय रे! आत्ता उठून जायचंय. पण याला दोन खेकड्यांसाठी छातीवर राखणदार लागतो, आणि मी नातवंडं उघडीच नेऊ?"

वर जायला निघालेले हात एकेक करून खाली आले. जाणं रद्द झालं. त्या दिवशी घरी येताना मावशी रस्त्यातच बसून भोकाड पसरून रडली. कित्येकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. आता ती इथल्याच खडीत पुरलेली आहे, आईपासून एवढ्या लांब.

पण जाण्याआधी तिने आणखी एक सभा गाठली. केवड्याच्या पातीचा एक चौकोनी बिल्ला विणला, मधोमध कवडी बसवली, झग्यावर डाव्या बाजूला टोचला आणि काठी टेकत पुढे येऊन बसली. हॅलोरन केळं घेऊन उभा राहिला. त्याची नजर तिच्याकडे गेली आणि त्याचा चेहरा उजळला.

"वा, किती सुंदर!"

हात पुढे आलाच. मामाने मान खाली घातली. आमच्यात असं मागितल्यावर नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

मावशीने बिल्ल्यावर तळहात ठेवला. "नाही देता येणार, साहेब. माझ्या नावावर आहे."

साहेबाचा हात तसाच पुढे राहिला. दुसऱ्या हातात सोललेलं केळं होतं. या वेळी कुणीसुद्धा हसलं नाही.