शहात्तर टक्के

आमच्या लॅबमध्ये सेल मेला असं कुणी म्हणत नाही. बाद झाला म्हणतात. चाकणला मी बॅटरीचं आयुष्य मोजायचं काम करते. नवाकोरा लिथियमचा सेल मशीनला लावायचा, भरायचा, उतरवायचा, परत भरायचा, असं महिनोन्‌महिने. क्षमता ऐंशी टक्क्यांखाली गेली की लाल स्टिकर चिकटवायचा आणि पुढचा घ्यायचा. तो सेल अजून कितीतरी दिवस चालला असता, पण ते बघणं आमचं काम नाही.

आण्णा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या सांभाळायचे. ॲसिडच्या, हलता हलायच्या नाहीत अशा. ॲसिडनं भोक न पडलेली त्यांची एकही पँट मी पाहिली नाही. निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा मी मागं दोन जादा चाकं लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दिली. रोज सकाळी रहाटणीहून काळेवाडीच्या टपरीवर जायचे. जायला दोन किलोमीटर, यायला दोन. तिथं कंपनीतले जुने लोक जमायचे. एरवी घरात गप्प बसणारा माणूस तिथून आला की चपला काढायच्या आधी बोलायला लागायचा. त्या चार किलोमीटरवर त्यांचा दिवस उभा होता.

पण खोड जुनी. बॅटरी पार उतरल्याशिवाय चार्जरला हात लावायचे नाहीत. "मधीच भरली की आळशी हुती," म्हणायचे. ॲसिडच्या बॅटरीला मधेमधे भरणं खपत नाही, लिथियमला पार उतरवणं खपत नाही. सांगायला हवं होतंच, पण माझी सांगायची रीत बघा! "आण्णा, तुमचं ज्ञान भंगारात गेलं आता." शहाणपण पाजळायला मला घरचंच माणूस सापडलं. दुसऱ्या दिवसापासून मी सांगितलं तस्सं, वीस टक्क्यांवर आली की चार्जरला लावायची, ऐंशीला काढायची.

चौथ्या वर्षी सर्व्हिसवाल्यानं बॅटरी तपासून कागद हातात दिला. शहात्तर टक्के. "फुगलेली नाही, तापत नाही, चालवा बिनधास्त," तो म्हणाला. मी कसली ऐकते! बॅटरी काढून त्याच्याकडेच ठेवली आणि रिकामी स्कूटर ढकलत आणून आमच्या पार्किंगमध्ये लावली.

"मेली का?" आण्णांनी विचारलं.

"बाद झाली."

"म्हंजे चालत न्हाई?"

"चालते. पण नियमात बसत नाही."

"अगं, शहात्तर म्हंजे लई झालं की! मला चारच किलोमीटर जायाचंय."

हे गणित मला कळलं नाही असं नाही. चांगलं कळलं होतं. पण दिवसभर मी ज्याला बाद ठरवते त्यावर बसून माझा बाप हिंडतो, हे मला सोसत नव्हतं. मान माझा, नियम माझा. नवी आणते, मी म्हणाले. पुढच्या महिन्यात. मग ऑडिट आलं, मग ओव्हरटाइम, मग दिवाळी. चाकणहून घरी पोचेपर्यंत ट्रॅफिकमध्ये जीव नकोसा व्हायचा, आणि आण्णा तर काही मागत नव्हते. मागत नाहीत म्हणजे बरं चाललंय, असं मी सोयीनं धरून चालले. रिक्षानं जा म्हटलं तर म्हणाले, "चहा प्यायला रिक्षा?" आधी त्यांचे मित्र घरी यायचे. दोन जिने चढून किती दिवस येतील? तेही थांबले. आण्णा खिडकीपाशी बसायचे, मग पलंगावर.

आठ महिन्यांनी नवी बॅटरी बसवली. फार मोठं काम केल्यासारखी त्यांना धरधरून खाली घेऊन आले. त्यांनी हँडल धरलं, सीटवर पाय टाकायला गेले. पाय उचलेना. परत प्रयत्न केला. तिसऱ्यांदा मी खाली वाकून पाय हातानं उचलायला गेले, तर गुडघा लाकडासारखा. वाकेचना.

"जमेल हळूहळू," मी म्हणाले. "बॅटरी अगदी नवी आहे, आण्णा."

त्यांनी हँडल सोडलं आणि माझा खांदा धरला.

"मला वर ने, बाई. लघवीला लागलीय. आता एकट्यानं जिना चढवत न्हाई."

आवाजात राग नव्हता. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.