नागपूरजवळ नाही, सडक अर्जुनी!

मित्रहो, आज दुपारपासून डोकं तापलं आहे, म्हणून लिहून राहिलो.

माझी लहान बहीण प्रज्ञा आमच्याच गावच्या, सडक अर्जुनीच्या कॉलेजातून बीएस्सी झाली, फर्स्ट क्लासमध्ये. पुण्यात मी ज्या औषध कंपनीत खोके उचलतो, तिथंच लॅबसाठी तिचा इंटरव्ह्यू होता. दार उघडं होतं, मी बाहेर उभा होतो.

साहेब म्हणाले, "हे कॉलेज कुठं, छत्तीसगडमध्ये?"

"नाही सर, महाराष्ट्रातच. गोंदिया जिल्हा."

"तिकडं प्रॅक्टिकल होतात का?"

"होतात. आत्ता लॅबमध्ये चला, करून दाखवते."

साहेब हसले. "कळवतो."

मी नववी नापास. मला घेताना कोणी शाळा विचारली नाही. खोके उचलायला कोणतंही गाव चालते, खुर्चीवर बसायचं म्हटलं की गाव आडवं येते.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "उद्या दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू आहे, तिथं नुसतं नागपूरजवळ म्हण."

ती भडकली. "कायले म्हणू? भाऊ, तू लाजून राहिला काय?"

खरं सांगतो, लाजलोच होतो. पुण्यात चार वर्षं मी सगळ्यांना नागपूरजवळच सांगून राहिलो.

उद्या ती सडक अर्जुनीच सांगणार, अन् मोठ्यानं. आजपासून मीही.

गोंदियावाल्यांनो, तुम्ही काय सांगता?