खिंडीतलं फाटक

आमची वाडी घाटनांदूरच्या अंगाला, बालाघाटातल्या एका उंच डोंगराच्या पायथ्याशी आहे. या डोंगराला आम्ही नुसतं 'वर' म्हणतो. मेंढ्या वर गेल्या, पाऊस वर थांबलाय, असं. माथ्यावर कुसळी गवताचं लांबच लांब पठार आहे. तिथं उभं राहिलं की आजूबाजूचे डोंगर, त्यांच्या कुशीतल्या वाड्या आणि हवा साफ असली तर लांब परळीच्या वीजकेंद्राच्या चिमण्याही दिसतात. मी त्याच परळीत वाढले. वडील कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायचे. त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या घरात मला दिलं, म्हणून सासूला मी आत्याच म्हणते. मेंढी कशी ओळखायची, कळपाच्या पुढं चालायचं की मागं, सगळं तिनंच शिकवलं.

तीन वर्षांमागं दिवाळीनंतर पवनचक्क्यांची एक कंपनी वर आली. खिंडीतली आमची वाट रुंद करून त्यांनी रस्ता काढला आणि खिंडीच्या तोंडाशी लोखंडी फाटक ठोकलं. पलीकडच्या वाडीतला एक माणूस राखणदार म्हणून बसवला. चेहऱ्यानं ओळखीचा, पण आता अंगावर निळा सदरा. जनावरांना बंदी आहे, असं तो खाली बघत सांगायचा.

वाडीतली माणसं कंपनीच्या साहेबाला भेटायला गेली, चहा पिऊन परत आली. म्हणाली, मागच्या अंगानं जा, तिकडूनही चढता येतं. माझा नवराही त्यांच्यातच होता. मागचं अंग म्हणजे नुसते सुटे धोंडे. त्या दिवसांत खाली चारा नव्हता आणि आमच्या निम्म्या मेंढ्या गाभण होत्या. तिकडून नेल्या असत्या तर पोटातली पिल्लं गेली असती. घरात मी हे बोलून दाखवलं, तर नवरा चार दिवस कळ काढ म्हणाला. आत्या भाकरी थापत होती.

सकाळी तिनं कळप सोडला आणि नेहमीच्या वाटेनं थेट खिंडीत नेला. फाटक बंद होतं. राखणदारानं किल्ली साहेबाकडं आहे म्हणून सांगितलं. आत्या फाटकाला पाठ लावून खाली बसली. मी तिच्या शेजारी बसले. मेंढ्या रस्ताभर पसरल्या. थोड्या वेळानं पाण्याचा टँकर आला, त्याच्यामागं सळया भरलेला ट्रक, आणि दोन्ही अडकून पडले. हॉर्नला मेंढ्या घाबरल्या, पण पळणार कुठं? एकमेकींना आणखीच चिकटून उभ्या राहिल्या.

दुपारी साहेब जीपमधून आला. तरुण होता, बोलायला नरम. रस्ता मोकळा करा म्हणाला.

"रस्ता आमीच मोकळा मागतोय," आत्या म्हणाली.

त्यानं कागदाची गोष्ट काढली, मग जमिनीची, शेवटी पोलिसांची. पोलिसांचं नाव निघालं तशी मला आई आठवली. परळीत लहानपणी आमच्या वस्तीत पोलीस आले की आई आम्हाला आत ओढून दार लावायची. तरीही मी उठून उभी राहिले. त्याच्यापुढं बोलेन असं मलाच वाटलं नव्हतं.

"बोलवा पोलिसाला. आमी हितंच हाय. उद्याबी हितंच असणार."

पोलीस त्या दिवशी आले नाहीत. दिवस कलल्यावर आम्ही कळप खाली नेला. घरी नवरा रागावला होता. लोक काय म्हणतील, असं विचारत होता. मी त्याला ताट वाढलं आणि सकाळी पुन्हा जाणार आहे एवढंच सांगितलं.

सकाळी आम्ही दोघीच निघालो, पण वाडी संपायच्या आत मागून शेळ्यांच्या घंट्या ऐकू आल्या. चार घरच्या बाया निघाल्या होत्या. खिंडीत पोचलो तर फाटकाच्या आतल्या बाजूलाही गुरं उभी. पलीकडच्या वाडीतल्या बाया पठार ओलांडून आल्या होत्या. राखणदाराची बायको त्यांच्यात सगळ्यांत पुढं होती. ती नुसती नवऱ्याकडं बघत राहिली. किल्ली त्याच्याच खिशात होती, हे तेव्हा कळलं.

त्यानं कुलूप काढलं.

पुढं महिनाभरात दोनदा फाटक पुन्हा बंद झालं. दोन्ही वेळा आम्ही जाऊन बसलो. दुसऱ्या वेळी पोलीस आले, नावं लिहून घेतली, दम दिला आणि उन्हाला कंटाळून गेले. त्यानंतर कुलूप लागलं नाही.

पवनचक्क्या आता वर उभ्या आहेत. त्यांची घरघर मला आवडत नाही, आणि त्या काही आमच्यानं हटल्या नाहीत. आत्याचे गुडघे गेलेत, म्हणून कळप मीच नेते. यंदा पाऊस बरा झाला, खालीही चारा आहे. परवा राखणदार म्हणाला, "वहिनी, खाली एवढं गवत असताना वर काहून चढता?"

मी म्हटलं, "वाट मोडू नये म्हनून."

आणि मेंढ्या पुढं घातल्या.