बिट्टीचं कापडी पुस्तक

सकाळपासून आभाळ कोंदलेलं होतं. कालचे कपडे दोरीवर ओलेच, आणि आजचे बादलीत. शिवणवालीने सासूबाईंना कुशीवर वळवलं, खालची चादर ओढून काढली आणि बादलीत कोंबली. आज कपडे वाळायचे नव्हते, आणि ती कुठे बाहेर पडायची नव्हती. लेक बिट्टी जन्मतःच आंधळी, त्यात सासूबाईंनी अंथरूण धरलं. शिंप्याच्या दुकानातल्या तिच्या मशीनवर दुसरीच बाई बसायला लागली. नवरा लांबच्या ट्रकवर. घरी आला की पाहुण्यासारखा.

पण आता मशीनवरची ती बाई काम सोडून चालली होती. सकाळपुरतं सासूबाईंकडे बघायला शेजारीण तयार होती. राहिली बिट्टी. अंधशाळेने तिला घेतलं, तर मशीन परत मिळणार होतं. दुकानदाराला आजच कळवायचं होतं.

शाळेचं म्हणणं एवढंच, की पोरीची बोटं तयार हवीत. पुढे उठावाचे ठिपके वाचायचे, तर आधी बोटाला खरखरीत-गुळगुळीत, जाड-बारीक कळलं पाहिजे. म्हणून शिवणवालीने घरातल्याच कापडाचं पुस्तक शिवलं होतं. आजीचं पान शालीचं, बाबाचं त्याच्या जुन्या शर्टाचं, चुलीचं पान हात पुसायच्या फडक्याचं. बिट्टी पान तोंडाशी नेऊन घडाघडा सांगायची. पोर पुस्तकाचे मुके घेते म्हणून आई सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटायची.

पोरीची बोटं तपासायला शाळेच्या बाई धापा टाकत जिना चढून आल्या. बिट्टीने एकही पान चुकवलं नाही.

"वकील होणार ही," सासूबाई अंथरुणातून म्हणाल्या. "तोंड तर आत्ताच वकिलाचं आहे."

बाई हसल्या आणि पिशवीतून आपलं पुस्तक काढलं. तशीच लोकर, तसंच जाड रेघांचं कापड, पण सगळं कोरं. बिट्टीने पान नाकाशी धरलं, हुंगलं आणि ढकलून दिलं.

"यात कोणीच नाहीये."

बाईंनी हळूच विचारलं, घरचं कापड शिवण्याआधी धुतलं होतं का. शिवणवालीने पुस्तक उचलून नाकाशी धरलं. वापरातलं कापड मऊ, म्हणून तिने तशीच कात्री चालवली होती. शालीला मालिशचं तेल, शर्टाला डिझेल, फडक्याला कांदा. इतके महिने पोर नाकाने वाचत होती, आणि बोटं आयती बसून होती.

"हुशार आहे हो," बाई म्हणाल्या. "पण ठिपक्यांना वास नसतो. पुढच्या वर्षी आणा."

बाई जिना उतरल्या. शिवणवालीने दुकानदाराला फोन करून जमत नाही म्हणून सांगितलं. तो बरं म्हणाला. तिथे माणसांची वाण नव्हती.

"माझ्यामुळे अडून राहू नकोस हो," सासूबाई म्हणाल्या. "मी काही पळून जात नाही."

एरवी ती हसली असती. तिने कात्री घेतली, पुस्तकाची शिवण उसवली आणि पानं बादलीत टाकायला लागली.

बिट्टीने आवाज ओळखला. "बाबालापण धुणार?"

"हो."

"मग तो मला कळणार कसा?"

आईने तिचं बोट धरून शर्टाच्या पानावर ठेवलं. "याला रेघा आहेत. उभ्या. बघ, लागतात का."

बोट फिरलं, थांबलं, परत फिरलं. "नाही लागत."

"लागतील," आई म्हणाली. तिने पान काढून घेतलं, पाण्यात बुडवलं आणि सासूबाईंची चादर घासायला घेतली.