शेवंताबाईंना न आवडलेल्या बत्तीस कादंबऱ्या

शेवंताबाई गेल्याचं मला दीड महिन्यापूर्वी मेहकरच्या एस.टी. स्टँडवर कळलं. जानेफळच्या गाडीचे वाहक खाली उतरले, मला पाहून थांबले आणि म्हणाले, "मास्तर, तुमची दुश्मन गेली बरं का. वावरातून आली, पाणी पेली, अन् निजली ते निजलीच." ते थट्टा करत नव्हते. जानेफळ ते मेहकर या पट्ट्यात आमचं नातं याच शब्दानं ओळखलं जायचं. मी मान हलवली, हातातली पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली आणि ज्या गाडीसाठी आलो होतो ती सोडून घरी परत आलो... दुश्मनावर स्मृतिलेख का लिहायचा, असं कोणी विचारील. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी आपल्याकडची रीत आहे. शेवंताबाईंना ती मान्य नव्हती. स्वतःच्या सासूच्या दहाव्याला कोणी तरी तिचे गोडवे गायला लागलं, तर त्या म्हणाल्या होत्या म्हणे, "मेली म्हणून का गोड झाली?" त्यामुळे मीही जे झालं ते तसंच सांगतो. त्यात त्यांच्यापेक्षा माझंच वाईट जास्त निघेल.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हा मी मेहकरच्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि टोपणनावानं डिटेक्टिव्ह देवकुळे यांच्या रहस्यकथा लिहीत होतो. दर दोन-तीन महिन्यांनी एक कादंबरी व्हायची, मुंबईचे प्रकाशक ती छापायचे आणि शेवटच्या दोन पानांवर 'वाचक म्हणतात' या मथळ्याखाली पत्रं यायची. अमक्या गावचे तमके लिहायचे की एका बैठकीत पुस्तक संपवलं, खुनी शेवटपर्यंत ओळखता आला नाही, देवकुळे यांना नमस्कार. मला ती पत्रं पाठ असायची. टोपणनाव मेहकरात फार दिवस टिकलं नाही. मुंबईहून पुस्तकांची पार्सलं येत आणि पोस्टमन तोंडाचा सैल होता.

शेवंताबाईंचा नवरा वारल्यावर जानेफळचा मळा त्यांच्या अंगावर पडला. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या पहिल्या गाडीनं टोपल्या घेऊन येत. वांगी, गवार, मुळे, सांबार... आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. गिऱ्हाईक नसलं की पोत्याखालून पुस्तक काढून वाचत बसत. माहेरी चौथीपर्यंत शिकल्या होत्या. वाचनालयाचे ग्रंथपाल त्यांना ओळखत, दर आठवड्याला एक पुस्तक देत. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभा राहिलो तो केवळ त्यांच्या हातात माझं पुस्तक दिसलं म्हणून. मनात गुदगुल्या होत होत्या. विचारलं, "कसं आहे हो?" त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"मास्तर, तुमचंच ना हे? मंग सांगा, एकशेवीस पानं झाली, तुमच्या देवकुळेले भूक लागत नाई का? माणूस एक डाव जेवला नाई."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "अन् ज्या घरात खून झाला तथल्या बाया चूल पेटवतात का नाई? का त्या नुसत्या किंचाळाले ठेवल्या?"

तेव्हापासून दर बाजारी वांग्यांबरोबर मला मत मिळू लागलं. एकही कादंबरी त्यांना पटली नाही. अमावस्येला मी चांदणं पाडलं होतं, ते त्यांनी धरलं. एका खुन्याला मी भर उन्हाळ्यात तुरीच्या उभ्या पिकात लपवलं होतं. "चैतात तूर कुठी असते मास्तर? तो वावरात उघडा उभा दिसला असता लोकायले." भोवतालच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मला राग यायचा. घरी येऊन बायकोला, सुमनला, म्हणायचो की भाजीवालीनं साहित्य शिकवावं असे दिवस आले. पण पुढच्या पुस्तकात देवकुळे भाकर खायला बसला, हेही खरं.

आमची अशी तीन वर्षं गेली. एका दुपारी बाजार लवकर उठला होता, गाडीला वेळ होता, आणि त्यांनी मला नवऱ्याच्या मरणाची हकिगत सांगितली. मी विचारली नव्हती. माझ्या एका पुस्तकातल्या विषप्रयोगाला नावं ठेवता ठेवता त्या तिकडे वळल्या. फवारणीची औषधं तेव्हा नवीनच आली होती. नवऱ्यानं बादलीत हातानं औषध कालवलं, हात धोतराला पुसले, डबीतली तंबाखू काढून तळव्यावर चोळली आणि तोंडात टाकली. बांधावरच पडला. गावात बोभाटा झाला की बायकोनं भाकरीतून जहर दिलं. फौजदार आले, भाकरी पाहिली, डबी पाहिली. डॉक्टरांनी डबीतली तंबाखू हुंगून सांगितलं की औषध भाकरीत नाही, त्याच्याच हातावरून तंबाखूत गेलं. "त्या डबीनं वाचवलं मले," त्या म्हणाल्या. "नाई तं मी जेलात होती अन् माही पोरगी लीला मामाच्या दारी." मग पुस्तक पोत्याखाली सारून त्या टोपल्या आवरू लागल्या... त्यांनी हे मला लेखक म्हणून सांगितलं नव्हतं. ओळखीचा माणूस म्हणून सांगितलं होतं. हा फरक मला तेव्हाही कळत होता.

एकतिसाव्या कादंबरीच्या वेळी प्रकाशकांचं पत्र आलं की खप मंदावतो आहे, या वेळी वाचक हादरला पाहिजे. मी तीन आठवड्यांत लिहून टाकली. एक मळा, एक शेतकरी, फवारणीचं औषध, बांधावरचा मृत्यू. गाव सुटकेचा निःश्वास टाकतं की अपघात होता. आणि मग देवकुळे तंबाखूची डबी उचलतो आणि सांगतो की औषध नवऱ्याच्या हातातून नाही, बायकोच्या हातातून तंबाखूत गेलं. जिनं त्यांना वाचवलं तीच डबी मी त्यांच्यावर उलटवली. नाव बदललं, गावाचं नाव बदललं, लेकीच्या जागी मुलगा केला. आणि मला वाटलं, झालं.

पुस्तक तुफान चाललं. 'वाचक म्हणतात'ला पानं पुरेनात. पुढच्या दोन बाजारांना शेवंताबाई आल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात, बाजाराचा दिवस नसताना, सकाळी शाळेला निघायच्या आधी त्या माझ्या दारात उभ्या होत्या. सुमननं पाट सरकवला. त्या बसल्या नाहीत. पदराखालून पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा ते सगळं बरोबर. 'या डबीत मरण होतं, आणि ते भरणारा हात तुझा होता!' मग पुस्तक मिटलं.

"मास्तर, मी तुमाले काय सांगतलं होतं?"

"शेवंताबाई, ही गोष्ट आहे. नाव बदललंय, गाव बदललंय..."

"डबी कुठी बदलली?"

त्यांनी पुस्तक परत पदराखाली घातलं.

"फौजदारानं ठपका ठेवला नाई, डाक्टरनं ठेवला नाई. तुमी घरी बसून ठेवला. आता पोट्टे मले रस्त्यात म्हणतात, काकू, तंबाखू देता का? लीलाची सोयरीक नांदुऱ्याले झाली होती. त्या पावण्यायचा निरोप आला काल. पुस्तक वाचलं म्हणे त्यायनं." त्यांचा आवाज तिथे पहिल्यांदा फाटला. "मी तुमचे तीस पुस्तकं वाचले मास्तर. एकबी मले आवडलं नाई, पण वाचले. काऊन वाचले सांगू? वाटे, हा माणूस सुधरून राह्यला."

त्या गेल्यावर सुमननं एवढंच विचारलं, "हे त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं?" मी हो म्हणालो. ती आत गेली.

मी लगेच पश्चात्तापात बुडालो, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिले काही दिवस मी मनात वकिली करत होतो. लोक मूर्ख आहेत, गोष्ट आणि बातमी यातला फरक त्यांना कळत नाही, माझा काय दोष? पुढच्या बाजारी भाजी घ्यायला गेलो. शेवंताबाईंनी तागडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाई." शेजारच्या बायांनीही मान फिरवली. मग एका रविवारी मी जानेफळला गेलो. पारावर चार-पाच तरणी पोरं बसली होती. मला त्यांनी ओळखलं आणि अगदी प्रेमानं जागा करून दिली. एक म्हणाला, "मास्तर, फौजदाराले जमलं नाई ते तुमच्या देवकुळेनं केलं. आमाले शकच होता." त्याच्या नजरेत माझ्याबद्दल जो आदर होता, तसा मला आयुष्यात दुसऱ्या कोणी दिला नाही. मी तिथून उठलो तेव्हा माझी वकिली संपली होती.

बत्तिसावी कादंबरी मी पाच महिने लिहीत होतो. तीत देवकुळे त्याच गावात परत येतो, तपास पुन्हा करतो, आपण निर्दोष बाईला दोषी ठरवलं हे त्याला कळतं, आणि तो चावडीवर सगळ्यांसमोर हात जोडून तसं सांगतो. खून नाही, पाठलाग नाही, पिस्तूल नाही. प्रकाशकांनी कुरकुरत छापली. मग पत्रं आली. या वेळी ती छापण्याजोगी नव्हती, म्हणून प्रकाशकांनी गठ्ठा बांधून माझ्याकडेच पाठवून दिली. अकोल्याच्या एका वकिलांनी विचारलं होतं की देवकुळे चुकू शकतो तर आधीच्या तीस खुन्यांचं काय करायचं, सोडून द्यायचे? एकानं लिहिलं, 'आपण आता शेतीवर पुस्तिका काढाव्यात, फवारणीचा भाग उत्तम उतरला आहे.' एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांच्या यजमानांनी पुस्तक अर्ध्यात बंबात घातलं. आणि नांदुऱ्याच्या एका रेल्वे कर्मचाऱ्यानं, देवकुळे ज्या गाडीनं येतो ती गाडी नांदुऱ्याला थांबतच नाही, असं सप्रमाण कळवलं होतं. गठ्ठ्यावर प्रकाशकांची चिठ्ठी होती. देवकुळे हे पात्र आता दुसरे लेखक पुढे चालवतील. नाव त्यांच्या मालकीचं होतं, मला तक्रार करायला जागा नव्हती.

जानेफळात मात्र ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तलाठ्यांनी ते पुस्तक चार संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवलं. कोणी शेवंताबाईंची माफी मागितली, असं काही झालं नाही. रस्त्यातलं ओरडणं तेवढं थांबलं. महिन्याभरानं नांदुऱ्याचे पाहुणे स्वतः आले, नारळ घेऊन, झालं गेलं विसरा म्हणाले. त्या बैठकीतलं शेवंताबाईंचं उत्तर पुढे गावात म्हणीसारखं झालं. "पुस्तक वाचून तुमी पोरगी सोडली, पुस्तक वाचून कराले आले. उद्या तिसरं पुस्तक निघालं मंग?" त्यांनी नारळ परत दिला. लीला पुढे शिकली, शिक्षिका झाली, चिखलीकडच्या एका शिक्षकाशी तिचं लग्न झालं, आणि आता ती जानेफळच्याच शाळेत आहे.

मला त्यांनी पुन्हा भाजी द्यायला सुरुवात केली. पण मत दिलं नाही. बत्तिसाव्या पुस्तकाबद्दल बारा वर्षांत एक अक्षर नाही. मी समोर उभा राहायचो, त्या वांगी तोलायच्या, वर मूठभर सांबार टाकायच्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहायच्या. दुसऱ्या लेखकाचे देवकुळे येत होते, तेही त्या वाचत होत्या आणि शेजारणीला त्यातल्या चुका सांगत होत्या, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. एकदा म्हणाल्या, "याच्यापरीस पहिला मेला बरा होता." शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं. शेवंताबाईंनी पाहिलं नाही.

मागच्या आठवड्यात मी लीलाला भेटायला गेलो. आत बोलावील की नाही याची खात्री नव्हती. तिनं बाजेवर सतरंजी टाकली, चहाचं आधण ठेवलं. भिंतीतल्या कोनाड्यात देवकुळेची दोनच पुस्तकं होती, एकतिसावं आणि बत्तिसावं. "मी तं जाळत होती," लीला म्हणाली, "आईनं जाळू देल्लं नाई." मी दोन्ही खाली काढली. बत्तिसावं कोरं होतं, पानं एकमेकांना चिकटलेली. एकतिसाव्याची शिवण सुटली होती, कोपरे झिजून गोल झाले होते, पुठ्ठा पिठाच्या खळीनं दोनदा तरी चिकटवलेला दिसत होता.

"हे... त्या परत वाचायच्या?"

"दर पावसाळ्यात," लीला म्हणाली. जराशी अवघडली. मग आईचाच हेल तिच्या आवाजात आला. "मी भांडत होती तिच्याशी, की हे कायले वाचतं? तं म्हणे, दुसरं खरं हाय, पण त्यात मास्तरचा हात जड झाला, दोन पानावर झोप येते. हे समदं खोटं हाय, अन् ठेवलं जात नाई खाली."

चहा आणायला ती आत गेली. मी पहिलं पान उघडलं, नुसतं पाहावं म्हणून. पहाट, मळा, बांधावर उताणा पडलेला माणूस... लीला समोर येऊन कप ठेवून गेली ते मला कळलं नाही. ती पुन्हा आली आणि गार झालेला चहा उचलून म्हणाली, "दुसरा टाकते." तेव्हा मी अठराव्या पानावर होतो.